कठड्यावरचं पान

"काल येऊन गेलात ना," असं मोबाइलमधली बाई म्हणाली तेव्हा दीप्तीचा घास हातातच राहिला. साकीनाक्याच्या ज्या गाळ्यात ती कामाला होती तिथे जेवणाची सुट्टी होती. शेजारचं पत्रे कापायचं यंत्र तेवढ्यापुरतं गप्प होतं आणि समोर बसलेला तिचा सहकारी निलेश बांगड्याचे काटे डब्याच्या झाकणावर ओळीने मांडत होता. बाई दिसत नव्हती. दिसत होता एका गच्चीचा कठडा, त्यावर केळीचं पान, पानावर भाताची मूद, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार. आवाज तेवढा मागून येत होता, जिना चढून दम लागलेल्या माणसाचा. "दोनदा इलात," ती म्हणाली, "पोट भरला नाय वाटता." मग ती थोडी हसली, खोकली, आणि पुन्हा नुसता कठडा. दीप्तीने घास डब्यात परत ठेवला. काल संध्याकाळी याच बाईचा याआधीचा व्हिडिओ तिने पाहिला होता, आणि काही कळलं नाही म्हणून लगेच पुन्हा पाहिला होता. त्याखालचा आकडा शून्याचा दोन झाला होता. जगात दुसऱ्या कुणी तो पाहिलेला नव्हता.

कुणी न पाहिलेले व्हिडिओ शोधायची ही सवय तिला एमेस्सीच्या शेवटच्या वर्षात लागली. मोबाइल स्वतःहून फायलीला जे नाव देतो, चार अक्षरं आणि काही आकडे, तेच नाव शोधायच्या चौकटीत टाकायचं. ज्यांनी नाव बदलायची तसदी घेतली नाही, अशा माणसांचे व्हिडिओ मग वर येत, तळातला गाळ ढवळल्यासारखे. एखादा पंखा, बिघडला आहे हे मेकॅनिकला दाखवण्यासाठी काढलेला. मांडवात कुणीतरी माइकवर नुसतं हॅलो हॅलो करतंय. एक बकरी. परीक्षेला निघालेली मुलगी आणि तिचा बूट बांधणारा बाप. खाली शून्य. दीप्ती ते शेवटपर्यंत पाही. तिला त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा वाटे. आपण काही करत नाही, कुणाचं काही घेत नाही, फक्त पाहतो. पण तिचं पोट ज्या कामावर चालत होतं त्या कामात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. ती कारखान्यांचे तापमापक तपासून देई. मोठ्या पिंपात तापमापक बुडवला तर पिंपाला पत्ता लागत नाही. थेंबभर द्रव असलेल्या नळीत तोच बुडवला, तर काच द्रवातली ऊब ओढून घेते आणि आपण जो आकडा वाचतो तो मुळात नसतोच, तो आपल्या बुडवण्याने झालेला असतो. लाखो लोक पाहतात त्या व्हिडिओला दीप्तीच्या पाहण्याचा पत्ता लागला नसता. या बाईचा व्हिडिओ मात्र थेंब होता.

तिने निलेशला विचारलं, पण आडून. गच्चीवर पान ठेवून माणसं कशाची वाट बघतात रे. निलेश देवगडकडचा, त्याचे वडील गिरणी बंद पडल्यावर भांडुपला आले होते. त्याने काटे बाजूला सारले आणि कावळ्याचं सांगितलं, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं. दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला तर माणूस सुखाने गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग घरातले एकेक पुढे होऊन कबूल करत जातात, हे करीन, ते करीन, नेमकी नस सापडेपर्यंत. त्याच्या आजोबांच्या वेळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सगळे उन्हात उभे होते. सुकट वाळत घातलेली, कावळे ढिगाने, पण पिंडाकडे एक फिरकेना. शेवटी धाकटा काका पुढे होऊन पुटपुटला की भावावरचा दावा मागे घेतो. "तेव्हा आला साला, असा चालत चालत, जसा काय कागद बघायला." आणि नाहीच आला तर, असं दीप्तीने विचारलं. "मग दर्भाचा करतात. गवताचा कावळा. तो लावतात पिंडाला." निलेशने शब्द शोधला. "पण ते म्हणजे ढकलपास गं. वरच्या वर्गात गेला, पण पास नाही झाला." मग एकदम थांबून तो म्हणाला, "तुमच्यात नाही ना हे?"

नाही, दीप्ती म्हणाली. तिच्यात नव्हतं. पणजोबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते आणि त्यांच्याबरोबर पिंड, कावळे, श्राद्ध सगळंच वाहून गेलं होतं. शिवणे हा शब्दही तिच्या घरात वेगळ्या आठवणीने उच्चारला जाई. पणजोबांची सावली शिवू नये म्हणून गावातली माणसं रस्त्याच्या कडेला होत. आजी गेली, सोनूबाई, तेव्हा दीप्ती सातवीत होती. भिक्खू आले, वंदना झाली, खीर वाटली. आजी कुठे गेली, असं तिने विचारलं तेव्हा पप्पांनी, अंबादासांनी, कडक इस्त्रीच्या सदऱ्याची बाही सारखी करत सांगितलं होतं: दिवा विझल्यावर ज्योत कुठे जाते, असा प्रश्नच चुकीचा आहे. तिला ते उत्तर फार आवडलं होतं. प्रश्नच चुकीचा असू शकतो हे कळल्यामुळे ती पुढे विज्ञानाकडे गेली, असं ती मुलाखतीत सांगे. आता घाटकोपरच्या सातव्या मजल्यावर, पप्पा आत बातम्या बघत असताना, ती खिडकीशी बसून त्या बाईचे जुने व्हिडिओ काढू लागली आणि तिला वाटलं, चुकीच्या प्रश्नांनाही कुठेतरी राहायला जागा लागत असेल.

चॅनलचं नाव होतं 'सुगंधामामीचं किचन'. सुरुवातीचे व्हिडिओ भाच्याने काढलेले, विकीने. त्यात बाई दिसत होती: लहानखुरी, कपाळ मोकळं, हसताना तोंडावर हात धरणारी. तिरफळं घालून बांगडे, घावणे, शेवग्याच्या पानांची भाजी. विकी मागून सूचना देई, मामी इकडे बघ, मामी हाय बोल. त्याने चॅनल लहान मुलांसाठी आहे अशी खूण चुकून केली असावी, कारण खाली कुणाला काही लिहायची सोयच नव्हती. फक्त आकडा, आणि तो सगळीकडे शून्य. त्याने काढलेल्या शेवटच्या व्हिडिओत तांदूळ निवडता निवडता ती विचारते, कोण बघत नाय तर कशाक करायचां रे. विकी म्हणतो, "मामी, टेन्शन नको घेऊ. ज्या दिवशी एक आकडा येईल ना, त्या दिवशी समज कोणीतरी येऊन तुझं पान बघून गेलं. दत्तामामा असते तर त्यांनीच पहिला बघितला असता." बाईचे हात तांदळात थांबतात. पुढे बराच काळ नवा व्हिडिओ नाही. त्यानंतर सुरू होतो कठडा.

त्या कठड्यावरच्या व्हिडिओंतून बाकीचं तिला तुकड्यातुकड्याने कळलं, कारण बाई बोले ती कुणालातरी माहीत असलेल्याच गोष्टी बोले. नवऱ्याच्या दहाव्याला कावळा आला नव्हता. भटजींना दुसरीकडे जायचं होतं, म्हणून गवताचा केला. तेव्हापासून सुगंधाबाईला घरात तो कुठे नाही असं वाटत नव्हतं, आणि कुठे आहे असंही वाटत नव्हतं. मोरीचा दिवा लावला की आधी कुणीतरी लावून विझवल्यासारखा वाटे. गच्चीवर ती पान ठेवी. पण आजूबाजूला टॉवर उठले होते, झाडं गेली होती, कावळे येत नव्हते, कबुतरं येत आणि कबुतरांचं काही चालत नाही. मग तिने पानाचं शूटिंग करून वर चढवायला सुरुवात केली, जिथे पक्ष्यांची गरज नव्हती. महिनेच्या महिने शून्य. आणि एक दिवस दोन. दीप्तीने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. जिच्या घराण्याने कावळ्याला कायमचा निरोप दिला होता तिला कुणीतरी कावळा धरून बसलं होतं.

शहाणपणाचं हे होतं की तिथेच थांबावं. दीप्ती थांबली नाही. रोज दुपारी एकदा, फक्त एकदाच, ती नवा व्हिडिओ पाही. दुसऱ्यांदा पाहिला तर बाईचा हिशेब चुकेल या भीतीने. बाईने आता विचारायला सुरुवात केली होती. आधी बारीकसारीक. पंखा आवाज करता, बदलू? बघलात म्हणजे हो. पुढच्या व्हिडिओत खालून कुठूनतरी नव्या पंख्याची घरघर येई, निदान दीप्तीला तसा भास होई. तुमची चादर विकीक देऊ? पाठीमागच्या पत्र्यावर शेवगा लावू? दीप्ती पाही, आणि हो होई. नाही म्हणायला न पाहावं लागलं असतं, आणि प्रश्न नेहमी शेवटी येई. तो ऐकल्याखेरीज ठरवता येत नव्हतं, आणि ऐकला म्हणजे पाहून झालेलंच असे. आपण एकाच दिशेने फिरणाऱ्या नळासारख्या झालोत असं तिच्या मनात आलं. एक आठवडा तिने निग्रहाने काही उघडलं नाही. त्यानंतरच्या व्हिडिओत पान नव्हतं. नुसता कठडा, त्यावर ऊन, आणि बाईचा श्वास, लांब, शिळा. फार वेळाने ती म्हणाली, रागावलात? दीप्तीला छातीत काहीतरी गार बुडवल्यासारखं झालं. एवढ्या लहान माणसात आपण किती खोल गेलोत ते तिला तेव्हा कळलं. ती पुन्हा रोज पाहू लागली.

घरी ती गप्प झाली होती. पप्पांच्या ते लक्षात आलं. जेवताना त्यांनी विचारलं, ऑफिसात काही त्रास आहे का, की कुणी मुलगा आहे. तिने विचारलं, पप्पा, एखाद्याची खोटी समजूत आहे आणि ती समजूत माझ्यामुळे टिकलीय, तर काय करावं. त्यांनी फार विचार न करता सांगितलं की समजूत काढून टाकावी, खोट्याला टेकू दिला की माणूस त्याच्यावर घर बांधतो. मग ताटात बघत म्हणाले, "पण दीपे, टेकू काढताना खाली कोण बसलंय ते बघून काढ." त्याच क्षणी इमारतीवरून उतरणीचं विमान गेलं आणि भिंतीवरची तसबीर हलल्यासारखी वाटली. इथे राहणाऱ्यांना त्याची सवय असते. बोलणं अर्ध्यात थांबवायचं आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे बोलायचं. दीप्तीला आठवलं की व्हिडिओतली बाईही तशीच थांबते.

शनिवारच्या व्हिडिओत सुगंधाबाई पहिल्यांदाच चौकटीत आली. कठड्याला टेकून बसली, पान शेजारी. तिचे पाय सुजले होते. तिने एखादं बिल समजावून सांगावं तसं सगळं सांगितलं. हृदयातली झडप गेली आहे. डॉक्टर म्हणतात आपरेशन केलं तर चांगली दहा-पंधरा वर्षं जगाल, नाही केलं तर सांगता येत नाही. विकी पाया पडून सांगतोय. सोमवारी डॉक्टरला हो की नाही ते कळवायचंय. "माका नाय करूचां," ती म्हणाली. "कंटाळलंय. पण तुमका विचारल्याशिवाय कसां ठरवू." मग एक विमान गेलं. ती थांबली. आवाज ओसरल्यावर ती कॅमेऱ्याकडे सरळ बघत म्हणाली, "बघलात, तर मी नको म्हणान सांगतंय. तुमच्याकडे येतंय. नाय बघलात, तर करून घेतंय." आणि हात पुढे करून तिने कॅमेरा बंद केला. खालचा आकडा शून्याचा एक झाला होता, दीप्तीच्याच पाहण्याने. तिने मोबाइलवरचं पान ताजं करून पाहिलं, पुन्हा करून पाहिलं. जगातले बाकी सगळे आकडे खालीवर होतात, तापमान, दाब, भाव. हा एकच असा होता की ज्याला परत फिरायची वाट नव्हती.

निलेशला तिने फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, वाट लागली यार. मग म्हणाला, जाऊन सांग ना तिला, मी बघते म्हणून, खलास. कुठे जाऊ, असं विचारतानाच दीप्तीला कळत होतं की पत्ता तिला माहीत आहे. व्हिडिओतलं ते विमान तिच्या खिडकीवरूनही जात होतं, त्याच उंचीवरून, पंखाखालचे दिवे दिसावेत इतकं. बाईच्या पाठीमागे पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर निळ्या रंगात सोसायटीच्या नावातली शेवटची अक्षरं. टेकडी डाव्या हाताला. तिने खिडकीतून मान बाहेर काढली. रस्त्यापलीकडे, दोन टॉवरांच्या फटीत, चार मजली जुनी इमारत, निळी अक्षरं. इतके दिवस ती पडद्यात ज्या गच्चीवर जात होती तिथून तिची स्वतःची खिडकी दिसत असली पाहिजे. खिडकीशी मोबाइल धरून बसलेली एक मुलगी दिसत असली पाहिजे. ती आत सरकली.

रविवारी सकाळी ती गेली. खाली वॉचमनने कुणाकडे ते विचारलंसुद्धा नाही. जिन्यात तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं, ग्राहकाला चूक समजावून सांगताना जुळवतो तसं, आधी कारण, मग आकडा, मग दुरुस्ती. गच्चीचं दार उघडं होतं. सुगंधाबाई पान मांडत होती. व्हिडिओत दिसे त्याहून ती लहान होती, आणि इतक्या जवळून तिचा श्वास ऐकताना दीप्तीला ओळखीचं गाणं भलत्याच ठिकाणी ऐकू यावं तसं झालं.

"मावशी, तुमचे व्हिडिओ मी बघते," ती म्हणाली. "तो एक आकडा येतो ना, तो माझा असतो. दुसरं कुणी नाही."

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. दचकली नाही. तू खयची, असं विचारलं. रस्त्यापलीकडची, दीप्ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं: नंबर टाकून शोधायची सवय, शून्याचे व्हिडिओ, पहिल्या दिवशी दोन कसा झाला, कालचा तिने शेवटपर्यंत का पाहिला, त्याचा काहीच अर्थ कसा होत नाही. बाई ऐकत राहिली, मधूनच वडा सरळ करत. दीप्ती थांबल्यावर ती समजूत घालावी तशी म्हणाली, "गो बाय, कावळ्याक खय ठावक आसता, तो कोणासाठी येता ता."

ज्या समजुतीविरुद्धचा प्रत्येक पुरावा तिच्याच पोटात जातो, तिला काय लावून मोजायचं. दीप्तीने ऑपरेशनचं बोलायचा प्रयत्न केला. बाई शांतपणे म्हणाली, ता ठरला आता. विकी असंच बोलला असणार, डॉक्टरही. दीप्तीचं बोलणं त्यांच्या बोलण्यावर जाऊन नुसतं रचलं गेलं. मग सुगंधाबाईने पान कठड्यावरून उचललं, खाली चटईवर ठेवलं, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला. इतक्या वरपर्यंत इलंस, जेवल्याशिवाय जाव नको. दीप्ती बसली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, सांबाराचा वास येत होता, हात पुढे गेलाच होता. तो पानावर पोचायच्या आधी थांबला.

तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"जेव," बाई म्हणाली. दीप्ती पानाकडे बघत राहिली. आवडत नाय? मीठ जास्त झाला? दीप्ती हलली नाही. भातावरची वाफ पातळ होत गेली. बाई तिच्यासमोर उकिडवी बसली होती ती हळूहळू सावरून बसली, आणि मग दीप्तीच्या खाली घातलेल्या नजरेच्या कडेला पदर डोक्यावर ओढलेला दिसला. आवाज बदलला. तो आता पाहुणीशी बोलत नव्हता. तुमका काय व्हया, तो म्हणाला. गावचां घर विकणार नाय. बरां. विकीक बोलणार नाय, तो कोणाशी लगीन करूदे. बरां. मोठ्या भावजयेशी बोलान. एकेक कबुली येत होती आणि मध्ये मोकळी जागा ठेवली जात होती, एखाद्याला चालत यायला लागेल इतकी. ऊन मानेवर आलं. एक मुंगी पानाच्या कडेने फिरून परत गेली. आता बोलावं, असं दीप्तीला वाटलं. एवढंच म्हणायचं की मावशी, सोमवारी हो सांगा. बोललो की आपण रस्त्यापलीकडची मुलगी होऊ आणि सगळं संपेल, हेही तिला दिसत होतं. तिने शब्द आत चाचपले. ते नव्हते. जिन्यात जुळवलेली वाक्यं, निलेशचं, पप्पांचं, सगळं कुठेतरी खाली राहिलं होतं आणि वर फक्त एक हट्ट होता, जड, पुरुषी, ओळखीचा नसलेला, जो मांडीवरचा हात दाबून धरत होता. हा आपला आहे का, असं तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायला वेळ लागला.

विमान आलं. बाई तोंड उघडून थांबली. सावली गच्चीवरून, पानावरून, दोघींवरून गेली. आवाज ओसरला.

"बरां," सुगंधाबाई म्हणाली. आवाज रडका होता आणि थोडा रागावलेलाही, फार वर्षांच्या भांडणात हरल्यासारखा. "करून घेतंय आपरेशन. उद्या सकाळी विकीक सांगतंय. तुमची शपथ."

दीप्तीने ठरवलं होतं की अजून थोडं थांबायचं, खात्री करून घ्यायची. पण हात गेला होता. भात बोटांना गार लागला. तिने घास केला, तोंडात घातला, दुसरा केला. समोर बाई पदराने डोळे पुसत होती, हसत होती, म्हणत होती, हट्ट काय कमी झालो नाय तुमचो, सावकाश जेवा, कोण घेऊन जाता? तिने तांब्या जवळ सरकवला. तिची बोटं दीप्तीच्या हाताला लागली आणि तिथेच थोडी राहिली. दीप्ती जेवत राहिली. मान तिने वर केली नाही. वर केली असती तर बाईला समोर एक मुलगी दिसली असती.